मऊ, मध्यम, घट्ट

कवळीवाल्याने दुधात भिजवलेला पाव मुठीत पिळला आणि खिम्याच्या पहिल्या वाट्यात कुस्करला. दुसऱ्या वाट्यात पाव निम्माच घातला. तिसऱ्यात अजिबात नाही. तो त्याने नुसताच मळला, हात भरून येईपर्यंत.

"सूप करतोयस की प्रयोगशाळा काढलीयस?" बायकोने कांदा चिरता चिरता विचारलं.

"लहान गोळे मऊ, मधले मध्यम, मोठे घट्ट. आई कुठल्या गोळ्यापाशी अडतात ते बघायचंय."

"आणि नाहीच अडली तर?"

"तर माझी कवळी निर्दोष."

"म्हणजे हे सूप माझ्या आईसाठी नाहीच!"

तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. सासूबाईंची जुनी कवळी महिन्यापूर्वी तडकली, तेव्हा त्याने हौसेने नवी करून दिली होती. इतकी देखणी कवळी त्याच्या हातून आजवर झाली नव्हती. सासूबाई तिचं कौतुक करताना थकत नव्हत्या. जेवत मात्र नव्हत्या. कुठे टोचतंय का विचारलं की म्हणायच्या, छे हो, भूकच मेलीय. साडेतीन किलो वजन उतरलं होतं. आणखी आठ दिवस असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं. गावभरचे जबडे जाणणाऱ्या माणसाला घरातलं एक तोंड कळू नये, याचं त्याला वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं.

त्याने गोळे एकेक करून उकळत्या सूपमध्ये सोडले. ते तळाशी गेले आणि थोड्या वेळाने वर आले, आधी लहान, मग मधले, शेवटी मोठे. मग नूडल्स आणि वरून मिरपूड. वास घरभर झाला तशा सासूबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय शिजतंय, जावईबापू?"

"या, बसा. गरम आहे तोवर घ्या."

"आलेच हं. हात धुऊन येते."

हात धुवायला त्यांना बराच वेळ लागला. तोंडाला रुमाल लावूनच त्या टेबलाशी येऊन बसल्या.

त्यांच्याकडे न बघण्याचा दोघांनीही आटापिटा केला. बायको पंखा न्याहाळत बसली. कवळीवाला मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. लहान गोळा गेला. मधला गेला. मोठा गोळा सासूबाईंनी चमच्यात घेतला, मधोमध तोडला आणि डोळे मिटून निवांत चावला. मग वाटी पुढे केली.

"आणखी आहे?"

बायकोने टेबलाखाली नवऱ्याचा पाय दाबला. त्याला गहिवरूनच आलं.

दुसऱ्या वाटीत अर्धा गोळा उरला. पोट भरलं म्हणत सासूबाई खोलीत गेल्या. वाटी उचलताना त्याची नजर त्या गोळ्यावर गेली आणि सवयीने त्याने चष्मा चढवला. नव्या कवळीची खूण सरळ उमटायला हवी होती. इथे डावीकडच्या एका दाताची खूण चांगली आत वळलेली होती.

तो दात त्याने ओळखला. वीस वर्षांपूर्वी, काम शिकताना, त्याने केलेली ती पहिली कवळी. नवख्याच्या हाती तोंड द्यायला कुणी धजेना, तेव्हा होणाऱ्या सासूबाईच पुढे आल्या होत्या. तेव्हापासून त्या खळखळून हसल्या की हा खाली बघायचा.

वाटी तशीच ठेवून तो खोलीत गेला.

"आई, ती जुनी दाखवा बघू. कशाने चिकटवलीत?"

सासूबाई चोरी पकडल्यासारख्या ओशाळल्या. मग त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि रुमाल त्याच्या हातात दिला.

"नवीने घास चावला की डोळ्यांत पाणी येतं हो," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "पण तुम्ही इतक्या हौसेने केलीत. तुमच्यासमोर जुनी कशी लावू? आज त्या वासाने घात केला."

म्हणजे महिनाभर त्या त्याचं मन राखायला उपाशी राहिल्या होत्या. त्याने कवळी खिडकीशी नेली, उलटसुलट करून पाहिली, त्या वळलेल्या दातावरून अंगठा फिरवला.

"नवी पुन्हा करतो," तो म्हणाला. "अगदी हिच्यासारखी. हा दातसुद्धा असाच तिरका."

सासूबाईंनी त्याच्याकडे काळजीने पाहिलं.

"आता जमेल का हो तुम्हाला?"