मोहिराचं पहिलं बोश

बायसून गावात नव्या सुनेच्या डोक्यावर पहिलं बोश बांधायचं तर ओयसुलुवलाच बोलावणं जायचं. रुमालावर रुमाल गुंडाळून केलेलं ते उंच मुंडासं तिच्या हातचं असलं की दिवसभर हलायचं नाही. पण नुसता हात चांगला असून भागत नाही. बांधणारी लेकुरवाळी हवी आणि तिचा नवरा हयात हवा, नाहीतर सुनेचा संसार मोडतो म्हणतात.

आणि तिच्या नवऱ्याचा, एर्गाशचा फोन आठवड्यापासून बंद होता. रशियात तो इमारतींवर कामाला होता, फोन करायची एक संध्याकाळ चुकवायचा नाही. ओयसुलुवचा जीव थाऱ्यावर नव्हता. बोलावणं नाकारावं तर आपल्याच तोंडाने त्याला मेला म्हटल्यासारखं. जावं तर परक्या पोरीच्या संसाराशी खेळ. शेवटी गेली.

खोलीत बायकांची दाटी, त्यात दृष्ट काढायला जाळलेल्या इसिरिकचा धूर. नवी सून मोहिरा मान खाली घालून बसली होती. ओयसुलुवने पहिला रुमाल तिच्या कपाळावरून घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"आज हाताला लकवा भरलाय का गं?" सासू नोरबीबी म्हणाली. "पोरीची मान अवघडली!"

बायका फिदीफिदी हसल्या. ओयसुलुवने रुमाल खाली ठेवला.

"मी नाही बांधत. आमच्या ह्यांचा आठवडाभर पत्ता नाही. आहेत की नाहीत, देव जाणे."

"मग आलीस कशाला? आधी सांगायला तोंड नव्हतं?" नोरबीबी भडकली आणि गर्रकन वळली. "झुलैहो, ऊठ तू. तुझा आहे ना धडधाकट?"

"परवा बोलले होते," झुलैहो चाचरली. "काल फोन लागला नाही."

"आणि तू गं?"

"आमचे ट्रकवर. कुठे असतात ते त्यांनाच ठाऊक."

नोरबीबी एकेकीकडे बघत गेली आणि एकेक मान खाली जात राहिली. म्हाताऱ्या होत्या त्या साऱ्या विधवा, ती स्वतःसुद्धा. गावातले पुरुष कुठे गेलेत हे तिला काय माहीत नव्हतं? पण असं विचारत कोण बसतं!

मोहिराने रुमाल उचलून ओयसुलुवच्या हातात दिला.

"बांधा, मावशी. आमच्या ह्यांचंही परवाचं रशियाचं तिकीट आहे."

हे चारचौघींत बोलायचं नाही, असं नोरबीबीने तिला बजावलं होतं. आता मात्र ती मोहिराच्या मागे येऊन बसली आणि रुमालाचं दुसरं टोक तिने घट्ट धरून ठेवलं.