एक बूट इकडे, एक तिकडे

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डावा. आधी नाक धरा आणि मग पुढे वाचा, कारण माझ्या आयुष्यात सुवासिक असं काही नाही.

आमच्या काकांचा डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड. म्हणून गावाकडच्या मोच्याने माझ्या तळाला टायरच्या रबराचा जाड थर चिकटवला, चार खिळे ठोकले आणि म्हणाला, "काका, आता नाचा!" काका नाचले नाहीत, पण लंगडायचं थांबले. उजवा बूट तेव्हापासून माझ्यावर जळतो. म्हणतो, "उंची इंचभर आणि तोरा हातभर!"

निवृत्त झाल्यावर काका काकूला घेऊन परदेशात लेकीकडे राहायला आले. लेक-जावई सकाळीच कामाला जायचे. चौथ्या मजल्यावर तीन खोल्या, आणि खिडकी उघडली की समोर भिंत. तिसऱ्या दिवशी काका वैतागले. "दिवसभर भिंत बघायला आलोय का आपण?" म्हणाले आणि मला पायात चढवलं. मग काय! रोज नवी बाग नाहीतर नवं देऊळ. पाट्या वाचता यायच्या नाहीत, म्हणून काका स्वतःच नावं देऊन वहीत लिहायचे. 'बदकांची बाग'. 'मोडक्या बाकाची बाग'. 'पायऱ्याच पायऱ्या देऊळ'.

सगळे म्हणायचे, किती सुंदर बागा! म्हणणारच. ते वरून बघतात, मी खालून. बदकांच्या बागेत तळ्याकाठी हिरवंगार दिसतं ना, त्यातलं निम्मं गवत. उरलेलं निम्मं बदकांच्या पोटातून आलेलं. गुलाबांच्या बागेत कुणाचं तरी चघळून टाकलेलं च्युइंगम माझ्या टाचेला चिकटलं ते आठ दिवस सुटलं नाही. त्याला दोन केस आणि एक मेलेला मुंगळा येऊन मिळाला. शी! आणि हे झालं बाहेरचं. आत काकांचा मोजा. एक मोजा तीन दिवस! "इथल्या थंडीत घाम कुठे येतो?" असं ते म्हणायचे. कुठे येतो ते मला विचारा ना!

काकूचं आणि माझं या बाबतीत जमायचं. दाराची कडी धरली तरी ती तीनदा हात धुणार. मला तर छत्रीच्या टोकाने ढकलायची.

आता या दोघांची एक जुनी खोड. देवळात जाताना बूट काढले की एक इकडे ठेवायचा, एक तिकडे. "चोराला एकटा बूट काय कामाचा?" हा काकूचा शोध. गावी तीस वर्षांत एकही जोड चोरीला गेला नव्हता. इथेही एके दिवशी एका मोठ्या बागेतल्या देवळाबाहेर उजवा बूट फळीवर राहिला आणि काकांनी मला झुडपामागे दडवलं.

मित्रांनो, इथे चोर नव्हते. इथे टापटीप होती.

झाडूवाला आला. झुडपामागे एकटा, सुरकुतलेला, टायर चिकटवलेला बूट बघून त्याने नाक मुरडलं, मला चिमट्यात धरलं आणि सरळ कचऱ्याच्या पिंपात टाकलं. आत वितळलेलं आइस्क्रीम, केळ्याची सालं आणि कुठल्याशा बाळाचा भरलेला लंगोट. तो नेमका माझ्या तोंडावर बसला. यापुढचं मी सांगणार नाही.

थोड्या वेळाने बाहेर काकांचा आवाज. "अगं, डावा कुठाय?"

"तुम्हीच दडवलात ना?"

"तू सांगितलंस म्हणून दडवला!"

काकांनी दोन पावलं टाकली, झोकांडी गेली, आणि त्यांनी झाड धरलं. असा बूट इथे बनवायला तीन महिने लागतील, हे दुकानदाराने लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं. तीन महिने म्हणजे तीन महिने भिंत. काका हळूच म्हणाले, "जाऊ दे. झाल्या बागा बघून."

काकूला ते सहन झालं नाही. तिने झाडूवाल्याला गाठलं. "अहो भाऊ, बूट! बूट!" करत लंगडून दाखवलं. त्या भल्या माणसाने तिला संडासाचा रस्ता दाखवला. मग तिने उजवा बूट त्याच्या नाकापुढे धरला. वास येताच त्याला सगळं आठवलं. त्याने पिंपाकडे बोट केलं.

काकूने पिंपाकडे बघितलं. डोळे मिटले. बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "शी! ई! अरे देवा! शी!" करत तिने मला वर काढलं. माझ्यातून आइस्क्रीम गळत होतं. छत्री हाताशीच होती, पण तिने ती घेतली नाही. स्वतःच्या ओढणीने मला आतून-बाहेरून पुसलं आणि काकांपुढे ठेवलं.

"घाला. भिंत काय बघायची!"

आता देवळात दोघं पाळीपाळीने जातात. काकू आत असली की काका बाहेर ओसरीवर, तिथेही बूट चालत नाहीत म्हणून, आम्हा दोघांच्या नाड्या बांधून आम्हाला गळ्यात अडकवून उभे राहतात. परवा लेक बरोबर होती. ती किंचाळलीच, "बाबा! बुटांचा हार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. जोड शाबूत आहे," काका ऐटीत म्हणाले. आणि मग त्यांनी श्वास घेतला. आम्ही बरोबर त्यांच्या नाकाखाली होतो. काकांचा चेहरा असा झाला की उजवा बूटसुद्धा माझ्याकडे बघून हसला. त्या दिवसापासून मोजे रोज धुतले जातात.

तेव्हा मित्रांनो, मला हात नाहीत, म्हणून नाड्या जोडून सांगतो. जोडी फोडू नका. आणि जो तुमच्यासाठी रोज घाण तुडवतो, त्याला आठवड्यातून एकदा तरी नाकाजवळ धरा. बाकी सगळं आपोआप कळेल.