धाऊकाकांचा बोकड

आदेश अकरा वर्षं फुटबॉल खेळून शेणव्याला परत आला. गोवा झालं, कोलकाता झालं, एक हंगाम कप्तानी झाली, एक मोठा कप झाला, शेवटी गुडघाही झाला. मैदानात त्याची जागा मधली. एवढ्या वर्षांत गोल चार, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. गावाला तेवढंच पाठ.

धाऊकाका म्हणजे त्याचे वडील. ते पारावर बसले की कुणीतरी विचारणारच, पोरगा तिकडे नक्की करतो काय? काकांना ते सांगता येत नसे, म्हणून ते भांडत.

यंदा गावच्या सामन्यांत काकांनी बक्षीस लावलं. फायनल जिंकून देणारा गोल जो मारील, त्याला आपला घरचा बोकड. हिशोब सरळ होता. पोरगा गोल मारणार, पारावरची तोंडं बंद होणार आणि बोकड परत आपल्याच दाव्याला येणार. बोकडालाही तसंच वाटत असावं. तो निवांत पाला खात होता.

माईक माझ्याकडे होता. मला येते ती क्रिकेटची कॉमेंट्री, पण गावात दुसरं कुणी बोलायला तयार नसतं. खरं म्हणजे सगळेच तयार असतात. माईक माझा आहे.

फायनलमध्ये शेवटपर्यंत बरोबरी होती. मग आदेश लंगडत दोघांना चुकवून पुढे गेला. समोर फक्त गोलकीपर. काका बांधावर उभे राहिले. आदेशने मान वर केली आणि चेंडू डावीकडे आपल्याच संघातल्या मनोजला दिला. मनोज गोंधळला, पण चेंडू आत गेला.

मी गोल मनोजचा म्हणून ओरडलो. काका खाली बसले. मला आदेशचा रागच आला. बापासाठी एक मारला असता तर काय बिघडलं असतं? काकांनीही तेच विचारलं.

"मनोज मोकळा व्हता, बा," आदेश म्हणाला. "माझा अडला असता. त्याचा अडवायला कोन नव्हता."

काका बांबूच्या गोलपोस्टकडे बघत राहिले. मग उठले, बांधावरच्या बोकडाचं दावं सोडून मनोजच्या हातात दिलं, याला उंबराचाच पाला लागतो असं बजावलं आणि माझ्याकडे आले.

"गोल कुनाचा ते सांगितलंस. पास कुनाचा, ते नाय सांगितलंस."

मी सांगायला माईक उचलला. काकांनी मला थांबवलं, भोंगा दोन्ही हातांनी धरून पाराकडे फिरवला.

"आता सांग," ते म्हणाले.