भरल्या ताटलीवरून

“अकरा प्रकारचं खाणं झालं, अकरा! आता बारावं आणणार नाही. रविवारी गोडाऊनचा टेम्पो येईल आणि तांबडीला घेऊन जाईल. तिथे उघड्यावर राहील, मग सोडू दे काय सोडायचं ते.”

“साखळीला बांधतात तिथे.”

“मग काय गादीवर ठेवतात? राखणीचं जनावर आहे ते.”

“तीन वर्षं घरात वाढलेली आहे ती. आणि राखण कसली करणार? तिला साधं गुरगुरताही येत नाही. तुम्हीच तर...”

“अगं, साहेबांसमोर नाक दाबून बसायची वेळ आली माझ्यावर! माझ्याच घरात!”

सकाळपासून हेच चाललंय. आता जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं मागे हटायला तयार नाहीत, आणि त्या दोघांच्या पायांमध्ये, स्वयंपाकघराच्या फरशीवर, मी रिकामी पडले आहे. मी ताटली बोलतेय. स्टीलची, खोलगट, कुत्रीची. कुत्री म्हटलं की लोकांना शिवी वाटते. मला नाही वाटत. या घरात तिच्याइतकं सरळ वागताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

भांडण ज्या पोटावरून चाललंय त्या पोटात जे जे गेलं ते सगळं माझ्यातून गेलं. तेव्हा या बाबतीत बोलायचा पहिला मान माझा. पण ताटलीला कोण विचारतं?

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या चकतीवर वरून साचा आदळला आणि मी झाले. बारसं नाही की काही नाही. त्याच पत्र्यातून निघालेल्या माझ्या बहिणी माणसांच्या जेवणाच्या झाल्या. माझ्या बुडाला रबराची जाड कडी बसवली आणि मी कुत्र्यांची झाले. एका रबराचा काय तो फरक. पण ती कडी मला फार आवडायची. फरशीवर एकदा बसले की बसले, कुणी ढकललं तरी हलायची नाही. स्वतःच्या जागेवर घट्ट बसण्यासारखं सुख नाही, आणि ते फार दिवस मिळत नाही.

मला दुकानातून आणलं या घरच्या मुलीने. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे डबीवर जे छापलंय ते खरं असतं अशी तिची ठाम समजूत आहे. तिचे वडील बसच्या डेपोत सुपरवायझर. आई घरात शिवणयंत्रावर पडदे, उशांचे अभ्रे शिवते. आणि तांबडी, तेव्हा चार महिन्यांची, विटेच्या रंगाची.

सुरुवातीला तांबडी कशी जेवायची ते सांगते, कारण आता कुणाला आठवत नाही. माझ्यातला एक दाणा उचलायची, पलीकडे पायपुसण्यावर नेऊन ठेवायची, आडवी पडून कुडूमकुडूम खायची, मग दुसऱ्यासाठी यायची. पाहुणीसारखं अर्धा तास जेवण चालायचं. पोटाची काही तक्रार नाही. दाणे साधेच होते, पोत्यावर कसली बढाईसुद्धा नव्हती.

ती आठ महिन्यांची झाली आणि सुपरवायझरना कुणीतरी कुत्र्यांचा मास्तर गाठून दिला. मास्तर घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, “कुत्रं जेवत असताना मधेच भांडं काढून घ्यायचं. गुरगुरलं नाही म्हणजे त्याने तुम्हाला मालक मानलं.”

मास्तर तीन दिवसांपुरतं बोलला होता. सुपरवायझरनी ते जन्माचं व्रत केलं. सकाळी एकदा, रात्री एकदा. चार घास झाले न झाले की हात यायचा आणि मला तिच्या तोंडाखालून ओढायचा. पाच मोजायचे, मग परत ठेवायचं. “बघ, कशी शांत उभी राहते,” हे वर कौतुकाने. रबरामुळे मी सरकेना, तर त्यांनी एक दिवस ब्लेडने माझी कडीच कापून टाकली. तेव्हापासून मी हात लागला की घसरते. घसरताना फरशीवर जो कर्कश आवाज होतो तो माझा. ओरडायचं म्हणून नाही ओरडत, पण ओरडलेलं बरं वाटतं.

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये म्हणतात. पण ते माणसांबद्दल म्हणतात, आणि माणसांनाही कुठे लागू होतं?

तांबडी गुरगुरली नाही. तिने दुसरंच केलं. ती गिळायला शिकली. मी खाली टेकायच्या आत तिचं तोंड माझ्यात असायचं. चावणं नाही, चव नाही, गचागच, गचागच. एक डोळा माझ्यात आणि एक त्या हातावर. दाण्यांबरोबर ती हवा गिळत होती, घोटाघोटाने, मला तिच्या घशाचा आवाज ऐकू यायचा. शेवटचा दाणा गेला की मोकळ्या पत्र्यालाही चाटून घ्यायची, न जाणो! मग थोड्या वेळाने पोट ढोलकीसारखं फुगायचं, आत गुडगुड चालू व्हायची, आणि मग... लोक त्याला नाजूक नावं देतात. मी देत नाही. पादायची. कधी ओकायची, कधी जुलाब.

झालं. घर खाण्याच्या मागे लागलं.

मुलगी पोती आणू लागली. कोंबडीचं सोसत नाही म्हणून मेंढीचं, मेंढीचं जड म्हणून माशाचं. मग धान्याशिवायचं. मग ‘नाजूक पोटासाठी’. मग ‘पचनास हलके’. एक तर असं होतं की त्यावर लिहिलं होतं, ‘सात दिवसांत फरक’. फरक पडला, जुलाब वाढले. मला कुणी शाळेत घातलं नाही. त्या पोत्यांवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, आणि वाचायला आल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की पोत्यावरचं कुत्रं नेहमी हसत असतं. कुठल्याच पोत्यावर जेवणारं कुत्रं मी पाहिलं नाही.

त्यातून या लोकांना धीर नाही. आज एक, चार दिवसांनी दुसरं, एकदम. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खाणं आणि भांडं दोन्ही बरोबर आणायला सांगितलं होतं, म्हणून मीही गेले. बाई आधी मुलीवर घसरल्या. “कपडे बदलल्यासारखं खाणं बदलता? जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभराने बदलायचं असतं.” मग तांबडीचं पोट दाबून पाहिलं, मला हातात घेऊन पाहिलं, आणि विचारलं, “खाते कशी? फार घाईने खाते का?”

तो एक प्रश्न. दोन वर्षांत तेवढा एकच खरा प्रश्न विचारला गेला.

सुपरवायझर म्हणाले, “छे छे! आमच्यासारखीच खाते.”

आणि ते खोटं बोलले नव्हते, हीच तर रड आहे. हे घर असंच जेवतं. सुपरवायझर डब्याच्या सवयीने जेवतात, पाच मिनिटांत ताट साफ. मुलगी मोबाईलकडे बघत कोंबते. आणि आई? आईला मी जमिनीवरून रोज बघते. ती ताट वाढून घेते आणि हाक येते. पाणी आण. मीठ कुठंय. माझी किल्ली बघितलीस का. ती उठते, येते, उभ्याउभ्याच दोन घास गिळते, तोवर दुसरी हाक. दोन डोळ्यांपैकी एक तिचाही दारावर असतो. तिलाही रोज पोट गच्च होतं, छातीत जळतं. ती ओवा चावते आणि मशीनवर बसते. तिच्यासाठी कुणी पोत्यावरची अक्षरं वाचत नाही. स्वतःच तशी जेवणाऱ्या बाईला तांबडीच्या जेवण्यात वेगळं काय दिसणार होतं?

दवाखान्यातून अकरावं खाणं आलं. थोडं थोडं मिसळून, नियमाने चालू केलं. महिना झाला. काडीचा फरक नाही. मग सुपरवायझरना सहा दिवस दुसऱ्या डेपोत कामाला पाठवलं.

पहिल्या सकाळी आईने मला भरून खाली ठेवलं. तांबडीने तोंड घातलं, गचागच सुरू, आणि मधेच थांबून वर बघितलं. हात आला नाही. तिने आणखी भराभर गिळलं. रात्री पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्याशेजारीच जमिनीवर ताट घेऊन बसली. घरात कुणी नव्हतं, हाक मारायला कुणी नव्हतं. तिने दोन घास भराभर खाल्ले, आणि तिनेही वर बघितलं. सवय. मग ती जेवली. मी त्या बाईला पहिल्यांदा जेवताना पाहिलं. मधे थांबत होती, चावत होती. स्वतःशीच म्हणाली, “मीठ कमी पडलंय.” इतकी वर्षं स्वतःच्या हातचं खाल्लं, पण चव आज लागली.

चौथ्या दिवशी तांबडी माझ्यात दोन दाणे ठेवून निघून गेली.

तीन वर्षांत माझ्यात काही उरल्याचं माझ्या ध्यानात नाही. आईने ते दोन दाणे पाहिले. कितीतरी वेळ पाहत राहिली. त्या आठवड्यात ढोलकी वाजली नाही, ओकणं नाही. मुलगी खूष. “बघ आई, अकरावं लागू पडलं शेवटी!”

सुपरवायझर परतले. परतल्या रात्रीच हात आला, मी किंचाळत घसरले. दुसऱ्या रात्री पोट फुगलं. आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, डेपोचे मोठे साहेब चहाला आले तेव्हा तांबडी त्यांच्याच खुर्चीखाली झोपली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यावरूनच हे सकाळपासून पेटलंय.

“खाणं तेच होतं,” आई आता म्हणतेय. “त्या सहा दिवसांतही तेच, आजही तेच. फक्त तुम्ही नव्हता.”

“म्हणजे मी पाजतो तिला वारा?”

“हो. तुम्हीच. तुमच्या त्या हाताच्या भीतीने गिळते ती. तिचं पोट नाही बिघडलेलं, तिचं जेवण बिघडवलंय.”

“काहीतरी बोलू नकोस. शिस्त आहे ती. डेपोत मी डबा उघडला की बरोबर तेव्हाच साहेबांची घंटा वाजते. बावीस वर्षं! उठलो की नाही ताटावरून? मला झालं काही?”

“मग खिशातल्या त्या पित्ताच्या गोळ्या कुणाच्या? तांबडीच्या?”

मुलगी दारात उभी होती, ती फसकन हसली. बापाने बघितल्यावर हसू आवरून म्हणाली, “बाबा, आई म्हणतेय तर दोन आठवडे करून बघू या ना. हात न लावता.”

“तू मधे पडू नकोस. टेम्पोवाल्याला शब्द दिलाय मी. या घरात कुत्रं मोठं की मी?”

बघा, शेवटी मूळ दुखणं कुठे होतं. पोटात नव्हतंच.

आईने मापाने दाणे घेतले, मला भरलं, खाली ठेवलं. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. तांबडी आली. शेपूट पायात. आधी सुपरवायझरच्या हाताकडे बघितलं आणि मग तोंड घातलं.

मला एवढंच सांगायचंय. तुमच्याही घरात कुणी तरी असं एक डोळा दारावर ठेवून जेवत असेल. त्याला चूर्ण देऊ नका, नवं पोतं आणू नका. त्याच्या ताटाशेजारी पाच मिनिटं उगीच बसा आणि बघा तो काय करतो. माझ्याच्याने जे झालं ते झालं. मी ज्या हाताने ओढली गेले त्या हाताची मी साथीदार होते. रबर नव्हतं ही सबब खरी आहे, पण सबबच. आणि तांबडी पुन्हा कधी पायपुसण्यावर एकेक दाणा नेऊन खाईल असं मला वाटत नाही. एकदा गिळायला शिकलेलं चावायला पुन्हा शिकेलच असं नाही.

“आणि जेवायला काय बसलीस मधेच?” सुपरवायझर म्हणाले. “मी बोलतोय ना? ऊठ, आधी पाणी दे मला.” आणि बोलता बोलताच, सवयीने, वाकले. हात माझ्याकडे आला. तांबडीने गिळायचा वेग वाढवला.

हात माझ्या काठाला लागला, पण मी घसरले नाही. दुसऱ्या बाजूने एक तळवा माझ्यावर येऊन बसला होता, सुयांनी टोचलेला, खरखरीत, रबराच्या कडीपेक्षा घट्ट. आई उठली नव्हती. तिच्या तोंडात घास होता. तिने तो चावला, पुरता चावला, गिळला, मग नवऱ्याकडे बघितलं. आवाज मुळीच चढवला नाही.

“टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा, आणि आमच्या दोघींचं जेवण होईपर्यंत बाहेर जाऊन बसा.”