ओटीची साडी

"मुलांना शिकवायचंय तर शिकव, पण कुणाकडून काही घेऊ नकोस. पेढासुद्धा नाही," मंदाताईंनी रसिकाला बजावलं होतं.

मंदाताई कॉलेजच्या खो-खो संघाच्या प्रशिक्षक. इतकी वर्षं मैदानावर ओरडून त्यांचा आवाज कायमचा बसलेला, त्यामुळे त्या मायेने बोलल्या तरी दम दिल्यासारखं वाटायचं. "तू अजून विद्यापीठाची खेळाडू आहेस. खेळ शिकवून मोबदला घेतला की तू हौशी राहत नाहीस. मग घरी बस."

रसिका हसली होती. "ताई, पेढा खाऊन कुणी व्यावसायिक होतं का?"

खरं तर हसण्यावारी नेणं हा तिचा स्वभावच नव्हता. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघणारी बाई ती. गॅलरीच्या गजांतनं स्वप्नीलचं डोकं जाईल का, हे तिने नारळ धरून तपासलं होतं. झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि बघून झालं की पुन्हा बघायची. पण खो-खोच्या बाबतीत तिला कधी भीती वाटली नाही. तेवढी एकच जागा होती.

त्या जागेवरचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. बी.ए.ची तिन्ही वर्षं तिचा संघ उपांत्य फेरीत हरला. मग लग्न झालं, लालबागची खोली सुटली, मीरा रोडला शांती नगरात वन रूम किचन मिळालं, आणि चौऱ्याण्णव साल उजाडलं तेव्हा स्वप्नील रांगायच्या बेतात होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला उतरायचं तर वय पंचविशीच्या आत हवं, नाव नियमित विद्यार्थिनी म्हणून हवं आणि मागच्या वर्षाचे सगळे पेपर सुटलेले हवेत. पुढच्या वर्षी तिला पंचवीस वर्षं पुरी होणार होती. म्हणून एम.ए.च्या पहिल्या भागाच्या परीक्षेला ती तान्ह्या पोराला सासूजवळ ठेवून बसली. तिसऱ्या तासाला दूध पाझरून ब्लाउज ओला झाला, तर पदर घट्ट ओढून घेतला आणि शेवटचा प्रश्न पुरा केला. सगळे विषय सुटले.

"एवढं पळायचंच आहे तर पाण्याचा टँकर आल्यावर पळ," सासूबाई म्हणायच्या. मनोरमाबाईंची जीभ तिखट होती, पण रसिका सरावाला गेली की स्वप्नीलला भात कालवून भरवायच्या त्याच.

मे महिन्यात सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर रसिकाने बिल्डिंगमधल्या मुलांना खो-खो शिकवायला घेतलं. कारण साधंच होतं. मुलं दिवसभर जिन्यात धुडगूस घालायची आणि तिचा स्वप्नील दचकून उठायचा. महिनाभर संध्याकाळ झाली की पोरं तिच्या दाराशी हजर. शेवटच्या शुक्रवारी समोरच्या ब्लॉकमधल्या हंसाबेन सगळ्या आयांना घेऊन प्लॉटवर आल्या. पाट मांडला, रसिकाला बसवलं आणि तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ आणि वर एक मोरपिशी साडी. मंदाताईंचं बोलणं तिला आठवलंही नाही. भरली ओटी कोण नाकारतं?

हंसाबेनच्या नवऱ्याचा खाली फोटो स्टुडिओ होता. त्याने तो क्षण टिपला आणि कौतुकाने मोठा करून काचेत लावला. पाटावर रसिका, समोर ताट घेतलेल्या हंसाबेन, मांडीवर साडी, आणि मागे मुलांनी रंगवलेला कापडी फलक: खो-खो प्रशिक्षण शिबिर.

नोव्हेंबरात दुसऱ्या एका कॉलेजच्या खो-खोच्या सरांनी तो पाहिला. पासपोर्टचा फोटो काढायला आले होते म्हणे. त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली. हंसाबेनच्या नवऱ्याला वाटलं, गिऱ्हाइकाला आपलं काम आवडलं.

आठवड्याभरात विद्यापीठाच्या पात्रता समितीचं बोलावणं आलं. या खेळाडूने प्रशिक्षण देऊन मोबदला स्वीकारला, सबब ती हौशी नाही, अशी तक्रार होती. मंदाताईंनी कपाळावर हात मारला. "मी पेढा म्हणाले होते गं. तू तर साडीच घेतलीस."

सुनावणीच्या दिवशी रसिका एकटीच जाणार होती. पण खाली उतरली तर मनोरमाबाई स्वप्नीलला कडेवर घेऊन तयार, शेजारी हंसाबेन. "तू बोलताना अडखळतेस," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही अडखळत."

समितीच्या खोलीबाहेर बाकावर आणखी एक मुलगी बसली होती. सावळी, शिडशिडीत, चपला काढून पाय फरशीवर टेकवलेले. निशा तिचं नाव. रसिकाने ते मैदानावर ऐकलं होतं. खुंटापाशी तिच्यासारखी झेप घेणारी दुसरी नाही, असं मंदाताईसुद्धा म्हणायच्या, आणि दुसऱ्या संघातल्या पोरीचं कौतुक त्या सहसा करत नसत.

"तुमचं काय?" निशाने विचारलं.

"साडी घेतली. तुझं?"

"पगार." ती हसली. "हाटकेशला आमच्या घराजवळ शाळा आहे. दोन महिने पोरींना खेळ शिकवला. पप्पांचा हात मशीनमध्ये गेला होता ना, घरात कुणीतरी कमवायला पाहिजे होतं."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगणार आहे. खरं तेच सांगणार."

ती आत गेली आणि स्वप्नीलच्या मोज्याची नाडी बांधून होईस्तोवर बाहेर आलीसुद्धा. चपला पायात सरकवता सरकवता म्हणाली, "संपलं. पगार घेतला का विचारलं, हो म्हटलं, खेळणं बंद." मग स्वप्नीलच्या गालाला बोट लावलं. "तुम्ही एकट्या नका जाऊ आत, ताई. या सगळ्यांना घेऊन जा."

रसिकाने तिचं ऐकलं.

आत लांब टेबलामागे तिघे जण होते. मधले अध्यक्ष. त्यांनी तिघी बायका आणि एक मूल बघून चष्मा वर सरकवला. "सुनावणी एकीची आहे."

"आम्ही साक्षीदार," मनोरमाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"साडी घेतली की नाही?" डावीकडच्या सदस्यांनी थेट विचारलं.

"घेतली, पण ती..." रसिका अडखळली. रात्रभर नियम पाठ केले होते, आता एकही ओठांवर येईना.

"तुमच्या घरी सवाष्ण आली तर ओटी भरता ना?" मनोरमाबाईंनी मध्येच विचारलं.

"भरतो की."

"मग पावती घेता का तिची?"

अध्यक्षांच्या मिशीत काहीतरी हललं. सदस्य मात्र मागे हटेनात. "आजीबाई, खण-नारळ समजू शकतो. साडी म्हणजे कामाचे दाम झाले."

"आजीबाई मी ह्याची," मनोरमाबाईंनी स्वप्नीलकडे बोट दाखवलं. "तुमची नव्हे."

हंसाबेन पुढे सरसावल्या. "साहेब, साडी मी आणली. सगळ्या मम्मी लोकने मिळून. पगार द्यायचा असता तर पाट कशाला मांडला असता? टेबल मांडला असता, तुमच्यासारखा."

हे चालू असताना रसिका टेबलावर पडलेल्या फोटोकडे बघत होती. बोलावणं आल्यापासून तिने त्या फोटोकडे धड पाहिलंच नव्हतं. स्टुडिओसमोरून जाताना मान फिरवायची. आता उलट्या बाजूने का होईना, बघावाच लागत होता. स्वप्नीलच्या अंगावरचा एकेक पुरळ शोधणारे तिचे डोळे त्या फोटोवरून फिरले आणि एका जागी थांबले.

"सर," ती म्हणाली, आणि आवाज नीट निघाला. "माझा उजवा हात बघा."

"साडीवर आहे."

"तो डावा. उजवा बघा."

तिघांची डोकी फोटोवर वाकली. उजवा हात हंसाबेनच्या ताटावर होता, आणि बोटांतून पांढरे दाणे निसटत होते.

"तांदूळ परत टाकतेय मी. ओटी भरली की त्यातले थोडे दाणे भरणारीच्या ताटात परत द्यायचे असतात, तिचंही घर भरलेलं राहावं म्हणून. पगार घेणारं माणूस मालकाला त्यातलं परत देतं का, सर?"

"मी देतो," उजवीकडचे सदस्य म्हणाले. "घरी गेल्या गेल्या. सगळाच."

अध्यक्ष मोठ्याने हसले. डावीकडच्यांनी आणखी एकदा फोटो उचलून उजेडात धरला, आणि ठेवून दिला. "तांदूळच आहेत," ते कुरकुरले.

"खेळू द्या हिला," अध्यक्ष म्हणाले. "आणि बाई, पुढच्या शिबिरानंतर नुसता नमस्कार करा."

अंतिम सामन्यात समोर संघ होता तो नेमका तक्रार करणाऱ्या सरांचाच. शांती नगरातल्या आया पोरांसकट मैदानाच्या कडेला दाटीवाटीने बसल्या होत्या. हंसाबेन कुणी कुणाला खो द्यायच्या आधीच "खो" ओरडायच्या आणि पंच वैतागून बघायचे.

शेवटच्या पाळीत रसिकाच्या संघाकडे एका गुणाची आघाडी होती आणि बचाव करायचा होता. पळणाऱ्या एकेक करत बाद झाल्या. उरली रसिका. ती बाद झाली की बरोबरी.

मागे धावणारी मुलगी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पायात वारं भरलेली. पण रसिकाचं लक्ष तिच्यापेक्षा रांगेत बसलेल्यांकडे होतं. कोणाची टाच उचलली गेली, कोणाचा खांदा ताठ झाला, कोण श्वास धरून बसलीय. वर्षभर तिने दुसरं केलं काय होतं? खेळण्याकडे बघत बसलेलं पोर आता गॅसकडे वळणार, हे त्याच्या मानेवरून ओळखायचं. खो मिळायच्या आधीच तिला कळत होतं कोण उठणार. ती उठे तोवर रसिका दुसऱ्या बाजूला गेलेली असायची. समोरचे सर कमरेवर हात ठेवून ओरडत होते, "अरे, ती आई आहे एका पोराची, धरा की तिला."

"दमली नाही अजून, म्हणून धरवत नाही," मैदानाबाहेरून मनोरमाबाई म्हणाल्या.

खुंटापाशी एकदा बोटं पाठीला लागता लागता राहिली. रसिकाने खुंटाला हात घालून अंग फिरवलं, मागची मुलगी तशीच पुढे गेली, आणि शिट्टी वाजली. वेळ संपली होती. मंदाताई धावत आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण होता नव्हता तो आवाज त्या दिवशी पुरता गेला होता. त्यांनी रसिकाच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि रडल्या.

उत्कृष्ट संरक्षकाची ढाल रसिकाला मिळाली. शांती नगरात तिची मिरवणूक निघाली, टँकरवाल्याने हॉर्न वाजवला, स्वप्नीलने ढालीची कड चावून पाहिली. त्या दिवशी रसिका कशालाच घाबरली नाही.

पुढच्याच रविवारी मात्र ती निशाला शोधत हाटकेशला गेली. शाळेत विचारलं, तर निशा तिथून गेली होती. घराला दुसऱ्यांचं कुलूप. शेजारीण म्हणाली, ती माणसं मुर्ध्याच्या बाजूला राहायला गेली असतील, नक्की न्हाय माहीत. रसिका मुर्ध्यालाही दोनदा जाऊन आली.

तेव्हा वाचणाऱ्यांकडे तिचं मागणं आहे. तुमच्या पोरींच्या शाळेत खेळ शिकवणारी कुणी निशा असेल, शिकवताना चपला काढून ठेवणारी, तर तिला जरा गाठा. ती स्वतः खेळते का, विचारा. ती हो म्हणेल, लगेच म्हणेल. पण तेवढ्यावर निघू नका. संध्याकाळी थोडं थांबा, आणि ती मैदानात उतरते का, ते बघून या.