लांब बाह्या

मे महिन्यात सिल्व्हर पार्क कॉलनीत मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घालून फिरणारी बाई एकतर आजारी असते, नाहीतर काहीतरी लपवत असते. शुभदा ठणठणीत होती. ती आपला उजवा हात लपवत होती.

मजा म्हणजे शुभदा स्वतःच पार्लरवाली. सतरा वर्षं अख्ख्या कॉलनीतल्या बायकांचे हातपाय तिने लख्ख केलेले. पण वॅक्सिंग हे दोन हातांचं काम. एकाने कातडी ताणून धरायची, दुसऱ्याने पट्टी झटक्यात उलटी ओढायची. स्वतःचा डावा हात टेबलाच्या कडेला दाबून कसाबसा उरकता येतो. उजव्याचं डाव्याने करायला गेलं की कातडीच सोलवटते. फेब्रुवारीत तिने तो पराक्रम करून पाहिला होता आणि आठवडाभर कोरफड चोळत बसली होती.

आधी हा प्रश्न नव्हता, कारण हेमाली होती. पार्लर दोघींचं. सोमवारी सुट्टी, तेव्हा शटर अर्धं ओढून दोघी एकमेकींचे हात करत. हेमालीचे नियम मात्र कडक. आधी हात धुवायचे, वॅक्स स्वतःच्या मनगटावर लावून किती गरम आहे ते बघायचं आणि लाकडी काडी डब्यात एकदाच बुडवायची. एकीच्या अंगावरून फिरलेली काडी पुन्हा डब्यात गेली की पुढच्या दहा जणींना पुरळ. चुकूनही कुणी ती बुडवू नये म्हणून वापरलेली काडी ती कट्कन मोडून टाकायची.

डिसेंबरात हेमाली मुलाकडे बडोद्याला गेली ती कायमचीच. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल, मग आठवड्याने एक, मग नुसती गुड मॉर्निंगची फुलं. गिऱ्हाइकं शुभदाला सासवांच्या कागाळ्यांपासून नवऱ्यांच्या लफड्यांपर्यंत सगळं सांगत. तिच्या घरी कोण असतं, हे मात्र एकीनेही कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते बाह्यांबद्दल. अंगावर काही उठलंय का, असं एकीने खाजगीत विचारलं, तेव्हा शुभदा धास्तावली. पार्लरवालीच्या अंगावर काही उठलंय अशी आवई उठली, तर धंद्याचं झालंच कल्याण. आणि हात करायला आपल्याला कोणी नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायची तिची तयारी नव्हती.

म्हणून एका सोमवारी ती रिक्षाने काशीमीऱ्याला गेली. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक पार्लर होतं, तिथे ओळखीचं कुणी भेटण्याची भीती नव्हती. दिव्या नावाची पोरगेलीशी बाई ते एकटीच चालवत होती. शुभदाने नाव मंदा सांगितलं, घरीच असते म्हणून सांगितलं आणि बाही वर केली.

दिव्याने हात धुतले नाहीत. अर्ध्या वापरलेल्या डब्यात स्टीलची सुरी घातली, वॅक्स लावलं, पट्टी ओढली आणि झोंबणाऱ्या जागेवर तळहात दाबून धरला. पाच महिन्यांत शुभदाच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तीच सुरी पुन्हा डब्याकडे निघाली, तेव्हाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, उठलं पुरळ तर उठलं. पण सतरा वर्षांची सवय गप्प बसेना.

"थांब," ती म्हणाली आणि पर्समधून काड्यांचा जुडगा काढला.

दिव्याचा चेहरा बदलला. "आंटी, तुम्ही पार्लरवाल्या ना? चेकिंग करायला आलात काय?"

"नाही गं. डाव्या हाताने उजव्याचं होत नाही."

"मग घरात कोणी..."

"कोणी नाही."

पाच महिन्यांत हे ती पहिल्यांदाच तोंडाने बोलली होती. बोलून झाल्यावर ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

दिव्या उठली. साबणाने हात धुतले, नवीन डबा फोडून गरम केला, न सांगता वॅक्स आधी आपल्या मनगटावर लावून बघितलं. पहिली काडी वापरून झाल्यावर शुभदाने ती मोडायला सांगितली. कट्. शुभदाचे डोळे भरून आले.

"दुखलं काय?" दिव्याने पुन्हा तळहात टेकवला.

"थोडं," शुभदा म्हणाली. काड्यांचा जुडगा तिने तिथेच ठेवला.

संध्याकाळी बिनबाह्यांचा ड्रेस घालून तिने हेमालीला व्हिडिओ कॉल लावला आणि हात स्क्रीनसमोर धरला. कुणी केला, असं हेमालीने विचारलं. शुभदाने खरं ते सांगून टाकलं. काशीमीऱ्याला जाऊन करून घेतला. तू गेल्यापासून करायला कोणी नव्हतं.

हेमाली घाईघाईने म्हणाली, "मला तसा त्रास नाय हं. वहू लई जाय छे ने, सूनच नेते, मोठ्या सलूनमध्ये, दर महिन्याला."

बडोद्यात पारा चव्वेचाळीसवर होता. बोलता बोलता हेमालीने कपाळावरचा घाम पुसला, तेव्हा शुभदाला तिची बाही दिसली. मनगटापर्यंत होती, वर बटणही लावलेलं.

शुभदाने बाहीचा विषय काढला नाही.

"सोमवारी पार्लर अजून बंदच असतं," ती म्हणाली. "काड्या मी मागवते. ये तू."

हेमालीने बाही आणखी जरा खाली ओढली.