पाळकसाहेबांच्या तळव्याखालची ओळ

मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. बायबल. एका मंडळीच्या व्यासपीठावर मी पासष्ट वर्षं काढली. मित्रांनो, मला हात लावण्याआधी लोक हात स्वच्छ धुवायचे आणि वाचताना डोकं बाजूला काढून ठेवायचे.

मला छापलं तेव्हा एकेका अक्षराचा खिळा हाताने जुळवत. जुळवणाऱ्या म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती, तरी त्याने एक ओळही गाळली नाही. पुरुषांची, बायकांची, शहाण्यांची, नालायकांची, सगळ्यांची वाक्यं त्याने सारख्याच काळजीने लावली. गाळण्याचं काम पुढे शिकलेल्या माणसांनी केलं.

त्यांत सगळ्यात शिकलेले आमचे पाळकसाहेब. त्यांना भाषा तीन येत आणि माझी पानं मात्र चारच लागत. एकावर बाई फळ खाते. तिचा नवरा तिथेच उभा होता आणि त्यानेही खाल्लं, पण साहेब ते असं वाचत, जणू तो बिचारा परगावी गेला होता. दुसऱ्यावर बायकांनी मंडळीत गप्प बसावं, तिसऱ्यावर त्यांनी शिकवू नये, आणि चौथ्यावर नवऱ्याच्या अधीन राहावं. या चार पानांचे कोपरे बोटांनी तेलकट झाले होते. एक बाई झाडाखाली बसून न्याय करते आणि सेनापती तिच्याशिवाय लढाईला जायला तयार नसतो, ते पान ओलीने शेजारच्या पानाला चिकटून बसलं होतं. मोठेमोठे शिष्य दारं लावून बसले असताना रिकामी कबर पाहिल्याची बातमी बाई घेऊन येते, ते पान साहेब वर्षातून एकदा वाचत, तेही घाईघाईने.

माझ्यात कडू ओळी नाहीत, असं मी म्हणणार नाही. आहेत. त्यांची मला लाजही वाटते. पण औषधांच्या कपाटातून रोज तीच एक बाटली काढणाऱ्याला मी वैद्य म्हणत नाही.

आमच्या मंडळीत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा नवरा मुख्य गायक. तो डोळे मिटून असा गायचा की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रुमालाने डोळे पुसायच्या. घरी त्याचे डोळे उघडे असत आणि हातही मोकळा. एका दुपारी ती पाळकसाहेबांच्या खोलीत आली. डाव्या हाताची दोन बोटं सुजून निळी पडली होती. नवऱ्याने ती शिलाई मशीनच्या खणात चेंगरली होती. नऊ वर्षांची मुलगी समोर उभी होती, असं तिने सांगितलं. रडली नाही.

साहेबांनी तिला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग मला उघडून चौथं पान काढलं, अधीन राहण्याची ओळ वाचली आणि त्या ओळीच्या खालच्या मजकुरावर तळवा ठेवला.

"घरी जा, ताई. तुम्ही शांत राहा, म्हणजे तोही शांत होईल."

ती गेली. त्या तळव्याचा घाम मला अजून आठवतो.

पुढे काही महिन्यांनी उपदेशाच्या भरात साहेबांनी माझ्यावर अशी थाप मारली की माझा कणाच तुटला. मला बाइंडिंगच्या दुकानात पाठवलं. ते दुकान एका विधवा बाईचं. तिला सगळे मावशी म्हणत. मावशींना आता बारीक टाके दिसत नसत, म्हणून माझ्या पानांचे फर्मे शिवायला त्यांनी त्याच शिवणकाम करणाऱ्या बाईला बोलावलं. तिची बोटं बरी झाली होती, पण एक वाकडंच राहिलं होतं.

ती खाली मान घालून शिवत होती. अचानक तिचा हात थांबला.

"काय गं, दोरा तुटला?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी. इथे पुढेही लिहिलंय."

पुढे नवऱ्यांसाठी लिहिलं होतं. बायकोवर आपल्याच देहासारखी माया करा, तिच्यासाठी जीव द्या. आणि मागच्या ओळीत तर सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहायचं होतं. तिने ते ओठ हलवत तीनदा वाचलं. मग चार दिवस शिवणं कमी आणि वाचणं जास्त झालं. चिकटलेली पानं तिने वाफ देऊन, बोथट सुरीने सोडवली.

रविवारी मी पुन्हा व्यासपीठावर होतो. साहेबांनी सवयीने चौथंच पान उघडलं. ओळ वाचून मान वर केली, तेवढ्यात ती उठली आणि सरळ चालत माझ्यापाशी आली.

"खाली बसा," साहेब म्हणाले. "बायकांनी इथे बोलायचं नसतं."

"मी बोलत नाहीये, साहेब. वाचतेय."

तिने ते वाकडं बोट ओळीखाली धरलं आणि मागचं, पुढचं सगळं वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत थांबली नाही. साहेब म्हणाले की मूळ भाषेत याचा अर्थ फार गहन आहे. तीस वर्षं तो अर्थ अगदी सरळ होता. बाईने वाचला आणि गहन झाला.

घाईने त्यांनी गायकाला खूण केली. तो उभा राहिला, डोळे मिटले, पण सूर मिळेना. पेटीवर साहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, बसल्या होत्या. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले होते.

ती त्या दिवशी घरी गेली नाही. मुलीला घेऊन मावशींकडे राहिली. दुसऱ्या दिवशी चार बायका जाऊन तिचं मशीन उचलून घेऊन आल्या. नवरा एकदा गल्लीत आला. मावशी दारात दाभण हातात घेऊन उभ्या राहिल्या. घरात एवढा शूर असलेला तो गडी आल्या पावली परत गेला.

साहेबांनी नवा ग्रंथ मागवला आणि मला मोडक्या खुर्च्यांत टाकलं. मावशींनी मला मागून आणलं. तेव्हापासून मी खळीच्या वासात, कामाच्या टेबलावर असतो. दुपारी बायका येतात, वाचतात, माझ्याशी भांडतातही. इतकी बरी वागणूक मला व्यासपीठावर मिळाली नव्हती.

मित्रांनो, मला मखमलीत गुंडाळू नका. माझी धूळ पुसून पुण्य मिळवू नका. माझ्या नावाने कोणी तुम्हाला गप्प बसवलं, तर त्याचा तळवा बाजूला करा.

गेल्या आठवड्यात पाळकीणबाई आल्या. एका राजाच्या माणसांना जुना ग्रंथ सापडतो आणि तो खरा की खोटा हे विचारायला ती माणसं एका बाईकडे जातात, ते पान त्यांना हवं होतं. शिवणाऱ्या बाईने काढून दिलं. त्या वाचत बसल्या, दुपार कलली. साहेब जेवायला थांबले असतील, असं मावशींनी हळूच सुचवलं.

"थांबू दे," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.